राखणदाराचं रान

रत्नागिरी जिल्ह्यात जंगल कुठे राखलंय असं विचारलं, की लोक पूर्वेला सह्याद्रीच्या माथ्याकडे बोट दाखवतात. २००४ साली चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून व्याघ्र प्रकल्प. खरं आहे, पण त्यातला रत्नागिरीच्या वाट्याचा भाग म्हणजे घाटाची नुसती किनार. खाली कोकणपट्टीत वनखात्याची जमीन अगदीच थोडी. डोंगरच्या डोंगर खाजगी मालकीचे, एकेका सातबारावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत! जळाऊ लाकूड गेलं, कोळसा गेला, मग कलमांच्या बागा आल्या... मूळचं रान कसं होतं ते बघायचं तर गावच्या देवराईतच शिरायला हवं.

तसे झाडतोडीवरचे निर्बंध काही आजचे नाहीत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात लिहून ठेवलंय: आरमारासाठी सागवान घ्यायचं ते हुजूरच्या परवानगीने. आंब्या-फणसाला मात्र हात लावायचा नाही. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे मोजून मगच तोडायचं.

देवराईला असा कागद नव्हता, राखणदार होता. फांदी तोडायची तरी गुरवाकरवी देवाला कौल लावायचा. त्या धाकाने किंजळ, सातवीण, बेहडा, पायर उभे राहिले, मांडीएवढ्या जाडीच्या गारंबीच्या वेली राहिल्या, आणि धनेशही. धनेशाची मादी अंडी घालताना ढोलीत स्वतःला कोंडून घेते, नर बाहेरून फटीतून तिला भरवतो. एवढी मोठी ढोली जुन्या झाडालाच असते. कलमाच्या बागेत ती कुठून मिळणार?

१९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास मांडला, तेव्हा शहरातल्या लोकांना त्यांचं अप्रूप वाटायला लागलं. पण 'आपले पूर्वज किती पर्यावरणवादी' वगैरे म्हणणं मला पटत नाही. ती भीती होती. त्याच भीतीपोटी काही रायांत बायकांना मज्जाव होता. मात्र झाडं राहिली हेही तितकंच खरं.

आता भीती ओसरली आहे आणि देवळांचे जीर्णोद्धार चालू आहेत. कौलारू देवळाच्या जागी स्लॅब, पुढे सभामंडप, गाडी थेट दारात जायला रस्ता. चाकरमानी वर्गणी देतात, तरी खर्च भागत नाही. मग बैठक बसते, आणि देवाची झाडं देवाच्याच कामाला लावायला हरकत काय, असा मुद्दा निघतो. कौल लावला जातो, तोही बहुतेक उजवाच मिळतो! मंडप होतो, उन्हात तापतो, म्हणून त्यावर पत्रे चढतात. पुढच्या शिमग्याला पालखी त्याच्याच सावलीत बसते.