वेल सोडून आलेला भोपळा

भोपळ्याला मांडव लागतो, नाहीतर शेजाऱ्याचं कौलारू छप्पर. मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत आता दोन्ही नाही. आहे ती खिडकीची ग्रिल, आणि तिच्यातून खाली टपकणाऱ्या पाण्यावर सेक्रेटरींची करडी नजर. अशा जागेत झुकिनी शिरू शकली, कारण तिला वेल नाही. एरवी तीही भोपळाच, फक्त झुडपासारखी एका जागी बसून वाढणारी आणि कोवळीच खुडायची. पंधरा इंची कुंडी आणि पाच-सहा तास ऊन मिळालं की तिचं भागतं. हे आटोपशीर रूप तिला उपजत मिळालेलं नाही. वाटेत माणसाने तिच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली आहे.

आधी गेला कडूपणा. अमेरिका खंडातले रानभोपळे मुठीत मावतील एवढे आणि तोंडात धरवणार नाहीत इतके कडू होते. हत्तीच्या जातकुळीतला मॅस्टोडॉन ते खायचा आणि शेणावाटे बिया दूरवर पसरवायचा. त्याच्या हजारो वर्षांपूर्वीच्या शेणात त्या सापडल्या आहेत. हिमयुग सरलं, हे अवाढव्य प्राणी संपले आणि रानभोपळ्यांचा वाहकच गेला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाचं म्हणणं असं की, त्यांतले काही तगले ते माणसाच्या आश्रयाला आल्यामुळे. मेक्सिकोत ओआहाकाजवळच्या गिला नाकिट्झ गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया मिळाल्या. झुकिनीची जात तीच, कुकुर्बिटा पेपो. सुरुवातीला माणूस बहुधा बियाच खात असावा. गर गोड लागेपर्यंत कित्येक पिढ्यांची निवड लागली. तो जुना कडूपणा एखाद्या फळात अजूनही डोकं वर काढतो. दुधी चिरताना चकती जिभेवर ठेवून पाहायची आपल्या घरांतली सवय इथेही सोडू नये. कडू लागली तर सरळ फेकावी. ते विष असतं.

दुधीचं नाव निघालं म्हणून सांगतो, तो या घराण्याचा सख्खा नव्हे. त्याचं मूळ आफ्रिकेतलं, आपल्याकडचा वास फार जुना. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा त्याच्या गोतातला. लाल भोपळा मात्र झुकिनीचा खरा भाऊबंद, अमेरिकेतलाच. आजची अंधेरी-बोरिवली ज्या साष्टी बेटावर आहे, ते १५३४ पासून सुमारे दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होतं. मंडपेश्वरच्या लेण्यात त्यांनी चर्चही थाटलं. मिरची, काजू, पेरू ही अमेरिकेची मंडळी पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. लाल भोपळाही बहुधा त्याच वाटेने आला आणि इतका घरचा झाला की त्याला परका म्हणायला जीभ वळत नाही.

झुकिनीची वाट वेगळी. अमेरिकेतून युरोपात गेलेल्या भोपळ्यांपैकी एक उत्तर इटलीत मिलानच्या आसपास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजच्या रूपाला आला. लांबट, गुळगुळीत, पातळ सालीचा आणि पिकू न देता खायचा. वेलीची धाव गेली आणि पिकणंही गेलं. १९२० च्या सुमारास इटालियन स्थलांतरितांबरोबर ती अमेरिकेत पोहोचली. मूळ खंडातच पुन्हा, पण पाहुणी म्हणून. भारतात दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेच्या हिमाचलातल्या कटराई केंद्राने याच जातीचा ‘पुसा अलंकार’ हा संकर काढला. उत्तरेत अशा कोवळ्या भोपळ्यांना चप्पन कद्दू म्हणतात.

मुंबईत गच्चीवरच्या भाजीची परंपराही लहान नाही. वांद्र्याच्या गच्चीवर डॉ. आर. टी. दोशी उसाच्या चिपाडावर भाज्या पिकवत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनमधला ओला कचरा प्रीती पाटील यांनी गच्चीवर नेऊन बाग फुलवली. त्यामागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराची शिकवण होती. माती थोडी, पालापाचोळा फार, हे त्यांचं गणित झुकिनीच्या भुकेला नेमकं लागू पडतं.

उपनगरात बी लावावं ते पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पावसाळ्यात खोड सडतं, एप्रिलच्या उकाड्यात मादी फुलं कमी होतात. सारं जमलं तर सहा-सात आठवड्यांत पहिलं फळ. पानांवर भुरी आणि लाल भुंगेरे येणारच. सकाळी भुंगेरे हाताने वेचावेत, भुरीची पानं काढून टाकावीत.

खरी अडचण चौदाव्या मजल्यावर येते. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्यात नराचा पराग मादीपर्यंत पोहोचायला हवा. मेक्सिकोत हे काम भोपळ्याच्याच फुलांवर जगणाऱ्या खास मधमाश्या करतात. इकडे सातेरी आणि फुलोरी आहेत, पण तुमच्या खिडकीपर्यंत येतीलच असं नाही. आणि आग्यांनी सज्जाखाली पोळं बांधलं की सोसायटी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावते. मग चहाआधी आपणच माशी व्हायचं. नर फूल खुडून पाकळ्या सोलायच्या आणि मधला दांडा मादी फुलात फिरवायचा. देठाशी इवलीशी झुकिनी दिसते ती मादी. हे राहिलं तर ती टोकाकडून पिवळी पडून सडते. आता परागाशिवाय फळ धरणारे वाणही निघाले आहेत. म्हणजे कडूपणा, वेल आणि पिकणं यांच्या मागोमाग माशीही वजा.

पहिले काही दिवस बहुतेक वेळा नुसती नर फुलंच येतात आणि नवखे लोक रोप वांझ म्हणून उपटतात. उपटू नये. एकदोन फुलं ठेवून बाकीची डाळीच्या पिठात बुडवून तळावीत. भोपळ्याच्या फुलांची भजी ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना अधिक सांगायला नको.