बिनटाक्याच्या ऑपरेशनाचं घराणं

लातूर-नांदेडकडच्या साठी-सत्तरीतल्या बाईला 'दुर्बिणीचं ऑपरेशन' काय असतं ते सांगावं लागत नाही. १९८०च्या दशकात कुटुंब नियोजनाच्या शिबिरांत तिच्या कितीतरी मैत्रिणींची नसबंदी याच दुर्बिणीच्या नळीनं झाली. टाक्याचं की बिनटाक्याचं, एवढीच तेव्हा चौकशी. आज तीच बाई अपेंडिक्स सुजून दवाखान्यात येते, तेव्हा प्रश्न पडतो: दुर्बीण की उघडी चीर?

ही नळी अपेंडिक्सपर्यंत पोचली तीही बायकांच्या डॉक्टरामुळे. जर्मनीत कील इथले स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० साली दुर्बिणीतून पहिलं अपेंडिक्स काढलं. शाबासकी दूरच, जर्मन सर्जनांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांची प्रॅक्टिस थांबवण्याची मागणी केली. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया १९७२पासून पोटाच्या निदानासाठी दुर्बीण वापरत होते. तिच्यातून त्यांनी पित्ताशय काढलं ते १९९० साली.

उघड्या शस्त्रक्रियेची चीर न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांची, १८९४ची. लातूरला १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय काढलं, नांदेडला १९८८ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, तेव्हा अपेंडिक्स म्हटलं की उजव्या कुशीतली हीच चीर. म्हाताऱ्या माणसाचं अपेंडिक्स मात्र तेव्हाही फसवं होतं आणि आजही आहे. ताप बेताचा, दुखणं मोघम. घरचे वात समजून ओवा देतात आणि तेवढ्यात ते फुटतं. १९०२ साली इंग्लंडचा साठीतला राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक याच दुखण्यापायी पुढे ढकलावा लागला. सर्जन ट्रीव्ह्ज यांनी फक्त पू काढला, अपेंडिक्स तसंच ठेवलं. राजा त्यानंतर आठ वर्षं जगला.

वय झालेल्या पेशंटच्या बाबतीत भोकं किती आणि टाके किती, हा हिशोब मला दुय्यम वाटतो. खरा प्रश्न भुलीचा. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. श्वासपटल वर ढकललं जातं, हृदयावरही ताण येतो, म्हणून बहुधा पूर्ण भूल लागते. उघडी शस्त्रक्रिया कमरेतल्या इंजेक्शनवर, पेशंट जागा असताना होऊ शकते. दम्यानं बेजार आजोबांसाठी ही सोय लहान नाही. पण नंतर तेच आजोबा चिरेच्या दुखण्यापायी खोकायला भितात, कफ साठतो, छाती भरते. दुर्बीणवाल्यांना दुखणं कमी. ते लवकर उठून चालतात आणि जखमही कमी चिघळते. शिवाय सर्जनला सगळं पोट बघता येतं. साठीपुढे हे महत्त्वाचं, कारण शेजारच्या मोठ्या आतड्यातली गाठही कधी अपेंडिक्सचं सोंग घेते. म्हणून हृदय-फुफ्फुसं धड असतील तर माझं मत दुर्बिणीला.

पोटात सगळं चिकटलेलं निघालं तर मात्र दुर्बीण बाहेर काढून चीर घ्यावी लागते. संमतीपत्रावर सही घेतानाच घरच्यांना ते सांगून ठेवतात.