झाडावर कर, माणसाला दोर

मायनाक भंडारी यांनी १६७९ साली खांदेरीवर गाजविलेल्या पराक्रमाविषयी आपल्या ज्ञातीत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या पूर्वजांनी रोज सकाळ-संध्याकाळ माडावर चढून माडी काढली, त्यांच्याविषयी लिहिताना आमची लेखणी अडखळते. तो संकोच आज बाजूस ठेवू.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून परवान्यावाचून झाड छेदणे गुन्हा ठरला. कर झाडामागे द्यावा लागे. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने माडी बंद होऊन नीरेस परवाना मिळू लागला. दोन्ही कायद्यांचा डोळा रसावर होता. झाडांची मोजदाद झाली. चढणाऱ्याच्या जिवाची काळजी ज्याची त्यानेच वाहावी, असा रिवाज राहिला. खोडावरील खाचा, पायांतील दोरीचा फास आणि ओल्या खोडावर केव्हा चढू नये याची पारख, एवढेच त्याचे संरक्षण.

त्यामुळे आज कमरेला पट्टा बांधण्याचा नियम सांगितला की जुने जाणते नाराज होतात. हात मोकळा हवा, खोड तळपायाला कळले पाहिजे, असे ते म्हणतात. हे बोलणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. केरळातील चेंपेरीच्या जोसेफ यांनी चढण्याचे यंत्र बनविले. २०११ पासून नारळ विकास मंडळाने त्यावर तरुणांना शिक्षण दिले. काही महिन्यांनी एकदा नारळ उतरविणाऱ्या पाडेल्यास ते सोयीचे. पण माडी काढणाऱ्यास रोज झावळ्यांत शिरून पोय छाटावी लागते. त्याची गरज निराळी. तेलंगणात २०२४ साली ताडी काढणाऱ्या गौड बांधवांसाठी सुरक्षा-संच वाटले गेले, ते याच जाणिवेने.

तरीही ‘माझा जीव, माझी मर्जी’ हे म्हणणे आम्हांस पुरते पटत नाही. मजुरी झाडामागे मिळते. दोर बांधण्या-सोडण्यात दिवसाची झाडे घटतात. मग दोर नाकारण्यात कसबाचा अभिमान किती आणि संध्याकाळच्या पैशांची चिंता किती, हे कोण सांगणार? आणि पाठीचा कणा मोडून अंथरुणास खिळलेल्याची सेवा करणाऱ्या घरच्या मंडळींना त्या मर्जीविषयी कोणी विचारलेले नसते.

पट्टा सक्तीचा व्हावा, पण तो कसा असावा हे चढणाऱ्यांना विचारून ठरवावे. आणि दोराला लागणारा वेळ बागायतदाराने मजुरीत धरावा. आपल्या ज्ञातीत बागायतदारही आहेत, हे निराळे सांगावयास नको.