‘रूआह’ आणि ‘आत्मा’ : मराठी ख्रिस्ती धर्मशिक्षणातील एक शब्दप्रश्न

हिब्रू ‘रूआह’ या शब्दाचे वारा, श्वास आणि आत्मा असे तीन अर्थ होतात. परंतु ते परस्परांपासून विलग नाहीत. यहेज्केलाच्या ग्रंथातील ३७व्या अध्यायात शुष्क अस्थींत शिरणारा श्वास, चार दिशांचे वारे आणि ईश्वराचा आत्मा हे सारे ‘रूआह’च होत. मराठीत त्यासाठी निरनिराळे शब्द योजावे लागतात व मूळची एकसूत्रता लोपते. ही अडचण मराठी प्रदेशात कशी हाताळली गेली, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

गोव्यातील जुन्या कॅथलिक कोंकणी प्रार्थनांनी ‘स्पिरित सांत’ हा पोर्तुगीज वळणाचा शब्दच ठेवला. त्यामुळे अर्थभ्रंश टळला, पण शब्द परका राहिला. मराठी बायबलात ‘पवित्र आत्मा’ रूढ झाला. त्यावर आक्षेप असा की, वेदान्तातील आत्मा अज व अविकारी आहे. ‘रूआह’ मात्र ईश्वर देतो आणि काढूनही घेतो, असे १०४वे स्तोत्र सांगते.

हा आक्षेप अर्धाच खरा आहे. ‘आत्मन्’ शब्दाचा मूलार्थ श्वास असाच मानला जातो. जर्मन ‘आटेम’ हा श्वासवाचक शब्द त्याचाच सजातीय होय. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६८व्या सूक्तात वाताला देवांचा आत्मा म्हटले आहे. म्हणजे निवड चुकली नाही. उत्तरकालीन दर्शनांनी जुना अर्थ झाकला, इतकेच.

तो उघडा करण्याचे साधन मराठीत पूर्वीच निर्माण झाले होते. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले; मराठी बोलणारे बेने इस्राएल हे त्याचे प्रमुख वाचक होत. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांच्या आधारे सुबोध मराठीत बायबलचे भाषांतर केले; ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले.

धर्मशिक्षणात या प्रश्नाचे महत्त्व केवळ कोशापुरते नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वर मातीच्या मानवात ‘नेशामा’, म्हणजे श्वास, फुंकतो आणि मानव जिवंत ‘नेफेश’ होतो. त्याला ‘नेफेश’ मिळत नाही. तो स्वतःच ‘नेफेश’ बनतो. देहात कोंडलेला आत्मा ही कल्पना येथे नाही. मराठीतून प्रवचन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास हा भेद कळला नाही, तर तो नकळत दुसऱ्याच दर्शनाची मांडणी करील. म्हणून ‘आत्मा’ हा शब्द टाकण्याचे कारण नाही. त्याच्या तळाशी असलेला श्वास शिकविण्याची मात्र गरज आहे.