काव्यरत्नावली कोण होत्या?

"काकू, काव्यरत्नावली कोण होत्या?"

मे महिन्यात एका लग्नाला जळगावला गेले होते. सोबत धुळ्याचा माझा पुतण्या. ऊन असं, की रिक्षाच्या दांडीला हात लावला तरी चटका बसावा. महाबळ रोडला रिक्षावाला फोनवर कुणाला तरी सांगत होता, "काव्यरत्नावलीजवळ आहे, आलोच." त्यावरून पोराचा हा प्रश्न. आधी मला हसू आलं. मग आठवलं, माझं माहेर जळगावचं असूनही कॉलेजात जाईपर्यंत मलाही हे माहीत नव्हतं.

लग्नाच्या गडबडीत त्याला अर्धंमुर्धं सांगितलं. इथे नीट सांगते. घरचे जे कुणी वाचतात त्यांच्यासाठी शेवटी एक वेगळी गोष्ट आहे, तेव्हा मध्येच सोडून जाऊ नका. :)

तर काव्यरत्नावली ही बाई नव्हे, मासिक. नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 साली जळगावात सुरू केलेलं, फक्त कवितेला वाहिलेलं. पुण्यात नाही, मुंबईत नाही, जळगावात! तेव्हाचं जळगाव म्हणजे रेल्वे आणि कापूस यांच्या जिवावर वर आलेलं बाजाराचं गाव. नगरपालिका 1864 ची. अशा गावात बसून एक माणूस गावोगावच्या कवींना पत्रं लिहितो, कविता मागवतो, छापतो. आणि हे वर्ष दोन वर्षं नाही, 1935 पर्यंत चालतं. केशवसुत, रेव्हरंड टिळक, बालकवी अशा कितीतरी जणांच्या कविता या मासिकातून महाराष्ट्रापुढे गेल्या. स्वतः केशवसुत 1898 नंतर काही वर्षं खानदेशातच शिक्षक होते, भडगावला आणि फैजपूरला.

पण मला जास्त कुतूहल आहे ते 1907 सालाचं. त्या वर्षी पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, तेही जळगावात. त्याआधी एकच वर्ष, 1906 मध्ये, जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले होते. पूर्व खानदेशाचं ठाणं जळगाव, पश्चिम खानदेशाचं धुळे. म्हणजे जिल्ह्याचं गाव होऊन जेमतेम वर्ष झालेलं, कचेऱ्या अजून मांडल्या जात असतील, आणि तेवढ्यात गावात कवी गोळा झाले. अध्यक्ष होते डॉ. का. र. कीर्तिकर. लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर आणि मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतीय औषधी वनस्पतींवरच्या त्यांच्या ग्रंथाचं नाव आजही घेतलं जातं. त्यांच्यासमोर धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या 17 वर्षांच्या मुलाने कविता म्हटल्या. डॉक्टरांनी तिथेच त्याला "बालकवी" म्हटलं. उभं आयुष्य झाडापानांत घालवलेल्या माणसाने झाडापानांच्या कवीला नाव दिलं, ही गोष्ट मला फार आवडते.

पुढे अकरा वर्षांनी, 5 मे 1918 ला, जळगावच्या शेजारच्या भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय 27. नाव मिळालं ती जागा आणि आयुष्य संपलं ती जागा, मध्ये एका स्टेशनाचं अंतर.

आता चौकाकडे येऊ. या मासिकाचं नाव शहरातल्या चौकाला मिळालं, जैन उद्योगसमूहाने त्याचं सुशोभीकरण केलं. नेत्यांच्या नावाचे चौक गावोगाव असतात, मासिकाच्या नावाचा चौक तुम्ही कुठे पाहिलाय? मी तरी दुसरा पाहिलेला नाही. जळगावात असं बरंच काही भवरलाल जैन यांच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या पुढाकाराने उभं राहिलं. गांधीतीर्थ तर 2012 मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सुरू झालं, त्याही जळगाव जिल्ह्याच्याच.

पण मनात एक प्रश्न येतोच. मासिक काढलं एका माणसाने. चौक सजवला एका उद्योगसमूहाने. तिकडे चाळीसगावला केकी मूस नावाच्या माणसाने एका घरात जन्मभर राहून टेबलटॉप फोटोग्राफी केली, चित्रं काढली, शिल्पं केली. शेफिल्डला शिकून आलेला हा माणूस दशकानुदशकं घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही. 1989 च्या 31 डिसेंबरला तो गेला आणि त्याचं घर संग्रहालय झालं. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या 31 डिसेंबरला वारले (दोघांची तारीख एकच, हे लिहिताना लक्षात आलं) आणि 1927 मध्ये लोकांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. आमच्या खानदेशात हे असंच आहे. एखादा वेडा माणूस असतो, मागून चार शहाणे लोक वर्गणी काढतात. मग शहर म्हणून शहराने काय केलं?

याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडलं. महापालिका कायद्यात कर्तव्यांचे दोन ढीग आहेत. गटारं, दिवे, पाणी, कचरा ही बंधनकारक. ग्रंथालयं, संग्रहालयं, कलादालनं ही ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे काय ते आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पेपरात ज्या प्रश्नाला "ऐच्छिक" लिहिलेलं असतं तो कोण सोडवतं? आणि गटारं तुंबलेली असताना कलादालन मागायला तोंड तरी कसं उघडावं? जळगाव आणि धुळे दोन्ही ठिकाणी 2003 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. पाटी बदलली, ढीग तेच राहिले.

बाहेर काही ठिकाणी यावर उपाय काढलेले आहेत. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने 1959 मध्येच नियम केला की सरकारी बांधकामाच्या खर्चातला 1 टक्का कलाकृतीसाठी ठेवायचा. काय ठेवायचं, कुठे ठेवायचं, ते बघायला जाणत्या लोकांचं मंडळ असतं. आपल्याकडे असं मंडळ झालं तर त्यात कोण बसेल, हे तुमच्या मनात आलं ना? माझ्याही आलं. नगरसेवकाचा साडू, त्याचा मेहुणा आणि एक निवृत्त प्राचार्य. असो.

पण एक काम सरकारने स्वतःकडे ठेवलंय, पुतळ्यांचं. थोर पुरुषाचा पुतळा उभारायचा तर स्थानिक संस्थेचा ठराव लागतो, पोलिसांचं ना-हरकत लागतं, आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मंजुरी लागते. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर सार्वजनिक रस्त्यांवर नवे पुतळे नकोत असंही राज्यांना बजावलं. इतकं सगळं असून ऑगस्ट 2024 मध्ये मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा 35 फुटी पुतळा कोसळला. डिसेंबर 2023 मध्ये अनावरण झालेला, नऊ महिनेही उभा राहिला नाही. तेव्हा पेपरात आलं की संचालनालयाने मंजूर केला होता तो 6 फुटांचा नमुना. नमुन्यात चेहरा बरोबर आहे का, पोशाख बरोबर आहे का हे कळतं. आतला सांगाडा समुद्राच्या वाऱ्यात टिकेल का, हे कोण सांगणार? महाराज पडले त्या दिवशी आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

2025 मध्ये तिथे नवा पुतळा उभा राहिला. तो कुणी केला? राम सुतार आणि त्यांचे चिरंजीव अनिल यांनी.

राम वनजी सुतार हे आमच्या धुळ्याजवळच्या गोंदूरचे. जन्म 19 फेब्रुवारी 1925. हात बघून त्यांना पुढे आणलं ते श्रीराम कृष्ण जोशी या त्यांच्या गुरूंनी. मग जे.जे., तिथे 1953 चं मेयो पदक. त्यानंतर काही वर्षं पुरातत्त्व खात्यात, अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचं काम. गांधीसागर धरणावरची 45 फुटी चंबळदेवी त्यांची, संसदेच्या आवारातले ध्यानस्थ गांधीजी त्यांचे, आणि 182 मीटरचा सरदार पटेलांचा पुतळाही त्यांचाच. डिसेंबर 2025 मध्ये, शंभरी पार करून ते गेले.

धुळ्यात आम्ही हे छाती फुगवून सांगतो. पण गोंदूरचा मुलगा मुंबईला गेला, दिल्लीला गेला, कार्यशाळा नोएडाला झाली. तो परत येऊन इथे काय करणार होता? गल्ली नंबर अमुकमध्ये गणपती?

आता ती घरची गोष्ट.

माझे वडील, अण्णा, चित्रकलेचे शिक्षक होते. खानदेशातल्याच एका गावी नोकरीला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. साधारण चाळीस वर्षांपूर्वी तिथल्या पालिकेने त्यांना बोलावून बाजाराकडची एक लांब भिंत रंगवायला सांगितली. पैसे नाहीत, रंग तेवढा मिळेल. अण्णा खूश! नववीची दहा-बारा मुलं घेतली, रात्री गॅसबत्तीच्या उजेडात काम केलं. विषय अण्णांचा, बैलपोळा ते कानबाई, खानदेशाचं वर्ष. मी तिसरीत होते, शिंगांना निळा रंग मी दिलाय. भिंतीसमोर लोक थांबायचे. खेड्यावरून आलेल्या एका आजीने कानबाईच्या चित्राला हात लावून नमस्कार केला, तेव्हा रंग ओला होता. तिच्या बोटांचे ठसे अण्णांनी पुसू दिले नाहीत.

ते चित्र सहा महिने राहिलं. कुणी मोठे पाहुणे येणार होते म्हणून रस्त्यावरच्या सगळ्या भिंतींना चुना मारला, त्यात तीही गेली. कुणी वाईट बुद्धीने केलं असं नाही. ज्याला चुना मारायला सांगितलं त्याने मारला. अण्णा कचेरीत गेले तर साहेब बदललेले, आणि ती भिंत रंगवायचा निर्णय झाल्याचा कागदच कुठे नव्हता. "सर, लेखी आहे का काही?" एवढंच विचारलं त्यांना. लेखी काहीच नव्हतं.

त्यानंतर अण्णांनी शाळेबाहेर कधी ब्रश धरला नाही. मुलांना एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसवत राहिले, ग्रेड आणत राहिले, पण कुणा मुलाने "सर, मी चित्रकार होऊ का?" विचारलं की म्हणायचे, "आधी डी.एड. कर."

म्हणून सांगते. कलामंडळ असो नसो, मला शहराकडून फार मोठं काही नकोय. कुठल्या भिंतीवर, कुठल्या चौकात काय आहे, कुणी केलंय, कधी केलंय याची एक नोंदवही. दरवर्षी त्या वस्तूंच्या देखभालीला थोडे पैसे, बंधनकारक ढिगातले. आणि चुना मारण्याआधी ती वही उघडून बघेल असा एक माणूस. फडणिसांसारखे लोक ठरवून निर्माण करता येत नाहीत. त्यांनी केलेलं पुसलं जाऊ नये, एवढं मात्र ठरवून करता येतं.

पुतण्याने इंटरमिजिएटला ए ग्रेड आणलीय. त्याच्या प्रमाणपत्रावर नाव आहे ते त्याच कला संचालनालयाचं, जिथे पुतळ्यांचे नमुने तपासले जातात. त्याला कला शाखेत, म्हणजे चित्रकलेत, पुढे जायचंय. घरात काय चाललंय ते तुम्हाला ठाऊकच आहे. भाऊजी म्हणतात, चित्रं काढून पोट भरतं का? वहिनी म्हणतात, सुट्टीत काढ की, कोण नाही म्हणतंय. मी आजवर गप्प होते, कारण माझ्या डोळ्यांसमोर ती पांढरी भिंत येते, आणि वाटतं, भाऊजींचं काय चुकलं?

त्या दिवशी लग्नाहून परतताना त्याने रिक्षा थांबवायला लावली. चौकात उतरला, तळपत्या उन्हात दहा मिनिटं उभा राहून वहीत काहीतरी काढत राहिला. रिक्षावाला कुरकुरला नाही. उलट उतरून त्याच्या मागे जाऊन उभा राहिला, डोकावला आणि म्हणाला, "माझी रिक्षा पण घे ना भाऊ त्याच्यात."

घेतली त्याने. खाली तारीख टाकली, स्वतःचं नाव टाकलं आणि चौकाचं नावही लिहिलं. मला एकदम वाटलं, हे अण्णांनी पाहायला हवं होतं.

भाऊजी, वहिनी, तुम्ही हे वाचाल तेव्हा रागावू नका. प्रवेशाचा अर्ज मी त्याला आणून दिलाय. पहिल्या वर्षाची फी माझ्याकडून. हे लेखी आहे.