मोर, साप आणि तीन गुणांचा प्रश्न

नऊ हात उंचीच्या खांबावर एक मोर बसला आहे. खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे आणि साप बिळापासून सत्तावीस हातांवर असून बिळाकडे सरपटतो आहे. मोर तिरकी झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडली? उत्तर बारा हात. भास्कराचार्यांनी सुमारे 1150 मध्ये ‘लीलावती’त घातलेले हे उदाहरण आज चार पर्यायांसह कोणत्याही स्पर्धा परीक्षेत खपून जाईल. 9, 12 आणि 15 हे त्रिकूट पाठ असलेला मुलगा ते तोंडीच सोडवेल.

लीलावतीचा अभ्यास महाराष्ट्रात नेमून केला जात होता, याला दगडी पुरावा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण गावी 1207 सालचा शिलालेख असून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची नोंद त्यात आहे. मात्र या परंपरेतली उदाहरणे विचारत ती ‘किती?’. भुजा किती, कर्ण किती, क्षेत्रफळ किती. ‘कशावरून?’ हा प्रश्न श्लोकात नसे, तो टीकाकाराच्या वाट्याला येई. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1545 मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढण्याची त्यांची उपपत्ती आजही वर्गात करून दाखवण्याजोगी आहे. वर्तुळाचे दोन अर्ध करायचे, प्रत्येकाचे सुईसारखे निमुळते तुकडे पाडायचे, आणि एका अर्धाची टोके दुसऱ्याच्या फटींत बसवायची. आयत तयार होतो. त्याची लांबी अर्धा परीघ, रुंदी त्रिज्या. सूत्र पाठ करण्याची गरजच उरत नाही.

युक्लिड आपल्याकडे इंग्रजांच्या आधीच आला होता. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ रचले. पंधरा अध्यायांच्या या ग्रंथातल्या आकृत्यांत बिंदूंची नावे अ, ब, ज, द अशी, थेट अरबी वळणाची आहेत. पण त्याचा पाठशाळांवर फारसा परिणाम झाला नाही. तो छापून निघाला तोच मुंबईत 1901-02 च्या सुमारास, आणि तोवर मराठी मुले दुसऱ्याच वाटेने आलेल्या युक्लिडशी झुंजत होती.

ही दुसरी वाट सरकारी होती. 1820 च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्र्यांच्या मदतीने चार्ल्स हटन यांचे गणित मराठीत आणले. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, 1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. पुढच्या पिढ्यांना युक्लिड भेटला तो मॅट्रिकचा विषय म्हणून, आणि तिथेच त्याचे पाठांतर झाले. सिद्धांताचा क्रमांक सांगितला की सिद्धता घडाघडा म्हणायची. आकृतीतली अक्षरे बदलली की गाडी अडली. हा दोष फक्त आपल्या मुलांचा नव्हता. भूमितीचे अध्यापन सुधारण्यासाठी इंग्लंडमध्येच 1871 साली शिक्षकांनी संघटना काढली होती. 1901 मध्ये ग्लासगोला जॉन पेरी यांनी युक्लिडच्या सक्तीवर तोफ डागली आणि 1903 मध्ये केंब्रिजने युक्लिडच्याच क्रमाने सिद्धता देण्याचा आग्रह सोडला. हॉल आणि स्टीव्हन्स यांची नवी ‘स्कूल जॉमेट्री’ मग भारतातल्या शाळांतही पोचली.

पाठांतरावर परीक्षकांनी काढलेला खरा तोडगा म्हणजे ‘रायडर’. प्रमेय पुस्तकातले, पण त्याच्या आधारे सोडवायचे उदाहरण कधी न पाहिलेले. इथे घोकंपट्टी निकामी. कुठली रेघ वाढवायची, कुठून लंब टाकायचा, हे ज्याला सुचले त्याचे उदाहरण तीन ओळींत सुटते. ज्याला सुचले नाही तो अर्धा तास कंपासपेटी वाजवत बसतो. भूमितीचा धसका आणि भूमितीचा नाद हे दोन्ही या रायडरनेच लावले.

आज महाराष्ट्राच्या दहावीत भूमिती ‘गणित भाग 2’ या नावाने येते: 40 गुण, दोन तास. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता ही मांडणी टिकून आहे. पण काही सिद्धता आता ‘कृती पूर्ण करा’ म्हणून चौकटींसह छापलेल्या मिळतात आणि विद्यार्थ्याने फक्त गाळलेला कोन किंवा कसोटी भरायची असते. भीती कमी करायला हा उपाय ठीक आहे. विचार करायला शिकवायला अगदीच तोकडा. शिष्यवृत्ती आणि प्रवेश परीक्षांच्या बहुपर्यायी प्रश्नांनी तर ‘किती?’वरच गाडी आणून ठेवली. भास्कराचार्यांचा मोर परतला, गणेश दैवज्ञांचे तुकडे मात्र मागेच राहिले.

रायडरची जागा दहावीच्या पत्रिकेत आता बव्हंशी शेवटच्या दोन प्रश्नांत उरली आहे. त्यांतला पाचवा प्रश्न अवघा तीन गुणांचा, तोही दोनांपैकी एक. वेळ कमी पडला की मुले आधी तोच सोडतात, आणि गुणांच्या हिशेबाने त्यांचे चुकतही नाही. परीक्षेत तो खुशाल शेवटी घ्यावा. पण घरी दहावीचे मूल असेल तर सरावाच्या दिवशी जुन्या पत्रिकेतला हाच प्रश्न त्याला सगळ्यात आधी द्या, आणि घड्याळ बाजूला ठेवा.