म्हातारी गाडी आणि नचिकेताच्या गाई



गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे मेरीलँडला होते तेव्हाची गोष्ट. एके सकाळी दारात टो-ट्रक येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने कागद पाहिले, किल्ली घेतली आणि आमची एकोणीस वर्षांची निळी होंडा ट्रकवर चढवून तो निघूनही गेला. सगळं मिळून दहा मिनिटं. नातीने लहानपणी मागच्या काचेवर चिकटवलेलं फुलपाखरू तसंच गेलं.

"विकली का गं?" मी विचारलं.

"नाही आई, दान केली."

दान! मी जरा अडखळलेच. गाडीचा गिअरबॉक्स गेला होता. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होता. सहा महिने ती नुसती दारात उभी होती. आपल्याला नकोच असलेली वस्तू दिली, तर त्याला दान म्हणायचं?

मला आठवला तो कठोपनिषदातला नचिकेत. त्याच्या वडिलांनी, वाजश्रवसाने, सर्वस्व दान करायचा यज्ञ मांडला. पण दक्षिणेला गाई कुठल्या, तर पाणी पिऊन संपलेल्या, गवत खाऊन संपलेल्या, दूध देऊन संपलेल्या, पुन्हा वासरू न होणाऱ्या. पोरगा ते बघत होता. त्याला राहवेना. "बाबा, मग मला कुणाला देणार?" असं त्याने तीनदा विचारलं आणि चिडलेले वडील म्हणाले, "यमाला!" पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहेच.

तर आमची ही निळी गाय कुठे गेली, हे मला जाणून घ्यायचं होतं. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, तरी "हे कधी सुरू झालं आणि का?" ही खोड काही जात नाही.

आधी रीत सांगते. तिकडे गाडी देणं फार सोपं आहे. एखाद्या धर्मादाय संस्थेला फोन करायचा किंवा इंटरनेटवर फॉर्म भरायचा. गाडी चालू असो वा बंद, बहुतेक संस्था न्यायला फुकट ट्रक पाठवतात. मालकीचा कागद, त्याला तिकडे 'टायटल' म्हणतात, सही करून द्यायचा. मेरीलँडमध्ये नंबरप्लेट काढून सरकारी खात्याला परत करायच्या आणि मगच विमा बंद करायचा. हे नीट केलं नाही तर पुढे गाडीने काही उद्योग केला तर निस्तरायला आपणच! पुष्कळ संस्था स्वतः गाडीला हातही लावत नाहीत. मध्ये एक कंपनी असते. ती गाडी उचलते, लिलावात विकते, अगदीच गेलेली असेल तर भंगारात काढते, आपला खर्च आणि वाटा कापून घेते आणि उरलेले पैसे संस्थेला देते. सार्वजनिक रेडिओ केंद्रंसुद्धा अशा गाड्या घेतात.

म्हणजे गाडी कुणा गरजूच्या दारात जाते, ही माझी समजूत भाबडीच होती.

आता इतिहास. नको असलेल्या वस्तूंचं पुण्यात रूपांतर करायची ही कल्पना गाड्यांपेक्षा जुनी आहे. १९०२ साली बोस्टन शहरात एडगर हेल्म्स नावाचे एक मेथडिस्ट पाद्री होते. गरीब, नुकतेच परदेशांतून आलेले लोक त्यांच्या वस्तीत राहत. हेल्म्स श्रीमंत वस्त्यांत हिंडून गोणपाटाच्या पिशव्यांतून जुने कपडे, जोडे, सामान गोळा करत. पण ते तसंच वाटत नसत. वस्तीतल्याच बायाबापड्यांना ते दुरुस्त करायचं काम देत, त्याची मजुरी देत, आणि दुरुस्त झालेला माल स्वस्तात विकत. भीक नव्हे, संधी द्यायची, हे त्यांचं सूत्र. त्यातूनच पुढे 'गुडविल इंडस्ट्रीज' ही मोठी संस्था उभी राहिली. जुन्या वस्तूला मोल आलं ते मधल्या श्रमामुळे, हे इथे लक्षात ठेवा.

दुसरा धागा सरकारी तिजोरीतून येतो. अमेरिकेत आजचा आयकर १९१३ साली आला. १९१७ साली ती पहिल्या महायुद्धात उतरली आणि कराचे दर एकदम वर गेले. एवढा कर भरल्यावर श्रीमंत लोक कॉलेजांना, संस्थांना देणग्या देणं बंद करतील, अशी भीती वाटू लागली. म्हणून न्यू हॅम्पशरचे सिनेटर हॉलिस यांच्या सूचनेवरून त्याच वर्षीच्या कायद्यात सवलत आली. उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंत दिलेल्या देणगीवर कर नाही. पुढे वस्तुरूपाने दिलेल्या देणगीलाही ही वजावट मिळत गेली आणि वस्तूची किंमत बाजारभावाने धरायची, असं ठरलं.

बाजारभाव ठरवायचा कुणी? देणाऱ्यानेच! आणि गोम इथेच होती.

जुन्या गाड्यांच्या किमती सांगणारी पुस्तकं तिकडे फार पूर्वीपासून निघतात. लॉस एंजेलिसच्या केली यांचं 'ब्लू बुक' तर १९२६ पासूनचं. लोक असं पुस्तक उघडून आपल्या मॉडेलची किंमत बघत आणि तीच करपत्रकात लिहीत. इंजिन घरघरतंय, दार दोरीने बांधलंय, हे पुस्तकाला काय माहीत? १९९०च्या दशकात "गाडी द्या, कर वाचवा" अशा जाहिराती जोरात होत्या.

शेवटी संसदेसाठी सरकारी हिशेब तपासणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने यात लक्ष घातलं. त्यांचा अहवाल २००३च्या नोव्हेंबरात आला. २००० या एका वर्षात अंदाजे ७,३३,००० करदात्यांनी गाडी दान केल्याची वजावट घेतली होती आणि त्यामुळे कर सुमारे ६५ कोटी ४० लाख डॉलरने कमी झाला होता. मग ५४ गाड्यांचा शेवटपर्यंत माग काढला. जवळजवळ दोनतृतीयांश बाबतीत, देणाऱ्याने जी किंमत लावली तिच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती.

त्यातलं एक उदाहरण मी वहीत उतरवून घेतलं. १९८३ सालचा एक ट्रक २००१ साली दान झाला. लिलावात ३७५ डॉलर आले. जाहिरातीचा आणि मधल्या मंडळींचा खर्च वजा जाता ६३ उरले. ते मधल्या कंपनीत आणि संस्थेत निम्मे निम्मे वाटले गेले. संस्थेच्या पदरात ३१ डॉलर ५० सेंट. आणि दात्याने पुस्तकात बघून वजावट किती घेतली? २,४०० डॉलर! कर चौथा हिस्सा जरी धरला, तरी त्याचे ६०० डॉलर वाचले. म्हणजे संस्थेला ३१ डॉलर मिळावेत म्हणून सरकारने ६०० सोडले. वाजश्रवस बरा म्हणायचा. त्याने निदान गाई दुभत्या आहेत असं लिहून तरी दिलं नव्हतं.

ऑक्टोबर २००४ मध्ये कायदा बदलला आणि १ जानेवारी २००५ पासून लागू झाला. वजावट ५०० डॉलरच्या वरची असेल, तर संस्थेने गाडी ज्या किमतीला विकली तेवढीच धरायची. संस्थेने विक्रीनंतर तीस दिवसांच्या आत तसा दाखला द्यायचा. पुस्तकातली किंमत बंद. दुसऱ्याच वर्षी गाडीदानाची वजावट घेणाऱ्यांची संख्या निम्म्याहूनही खाली घसरली. दातृत्वाचा आणि वजावटीचा संबंध किती होता, ते यावरून समजावं!

पण या कायद्यातलं मला सगळ्यांत आवडलं ते त्याचे अपवाद. संस्थेने ती गाडी स्वतःच्या कामासाठी खरोखर वापरली, किंवा तिची मोठी दुरुस्ती केली, किंवा एखाद्या गरजू माणसाला फुकट वा अगदी कमी पैशात दिली, तर दात्याला पूर्ण बाजारभावाची वजावट मिळते. म्हणजे गाडी जुनी आहे हा दोष नाही. ती कुणाच्या उपयोगी पडली, हा प्रश्न आहे. हेल्म्ससाहेबांचा १९०२ सालचा धडाच शंभर वर्षांनी कायद्यात आला म्हणा ना.

आणि असं काम करणाऱ्या संस्था आहेत. व्हरमाँटमधलं 'गुड न्यूज गॅरेज' १९९६ पासून, आणि मेरीलँडमधली 'व्हेइकल्स फॉर चेंज' १९९९ पासून. दान आलेल्या गाड्यांतल्या चांगल्या निवडून, दुरुस्त करून त्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना देतात. जिथे बस जात नाही, तिथे गाडी नसेल तर नोकरीच नाही. हे तिकडे राहिल्याशिवाय कळत नाही. 'व्हेइकल्स फॉर चेंज'मध्ये तर तुरुंगातून सुटून आलेल्यांना मेकॅनिकचं कामही शिकवतात.

हे सगळं वाचत असताना मला सारखं १९९३ साल आठवत होतं. किल्लारीचा भूकंप. आमच्या शाळेत आम्ही कपडे गोळा केले. माझ्याकडे वर्गीकरणाचं काम होतं. गठ्ठे सोडले तर काय... बटणं नसलेले शर्ट, विटलेल्या साड्या, एकाच पायाची चप्पल. त्यात एक फाटका परकर ओळखीचा वाटला. माझाच होता. घाईत कपाटातून काढलेल्या गठ्ठ्यात गेला होता. घर, माणसं गमावलेल्या बाईला मी तो पाठवणार होते. शेजारच्या बाईंना दिसू नये म्हणून मी तो गुपचूप पिशवीत घातला आणि घरी आणून त्याची फडकी केली. आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गात मात्र दुसऱ्या दिवशी मी मुलांना दानाचं महत्त्व सांगितलं होतं.

म्हणून जावयांना विचारलंच. "तुम्हाला यात कर किती वाचला?"

ते हसले. "काही नाही, आई. २०१८ पासून सरसकट वजावट जवळजवळ दुप्पट झाली. बहुतेक लोक तीच घेतात, आम्हीही. मग गाडीची वेगळी दाखवता येत नाही." २०२६ पासून असे लोकही थोडी देणगी वेगळी दाखवू शकतात, पण ती रोख दिलेली. गाडी त्यात बसत नाही.

"मग दिलीत कशाला?"

"दारात सडण्यापेक्षा कुणाला चार पैसे मिळाले तर बरं."

या उत्तरात पुण्याचा आव नव्हता, हे मला बरं वाटलं. लेकीने आधी दुरुस्त करून देणाऱ्या एका संस्थेला विचारलं होतं. पण आमच्या गाडीवर एवढा खर्च करण्यात अर्थ नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

महिन्याभराने पत्र आलं. गाडी ४२५ डॉलरला गेली होती. खर्च जाऊन संस्थेला किती मिळाले, ते पत्रात नव्हतं. कायदा विक्रीची किंमत विचारतो, हाती काय उरलं ते नाही. म्हणजे नचिकेताचा प्रश्न कायद्याने अर्धाच विचारला म्हणायचा. उरलेला अर्धा लेकीने फोन करून विचारला. "साधारण तीनशे," पलीकडच्या बाईंनी लगेच सांगितलं. वर म्हणाल्या, असं विचारणारे फार थोडे असतात.

असो. निरुपयोगी वस्तू देण्यात पाप नाही, असं मला आता वाटतं. पण तिला दुभती म्हणू नये. आणि ती कुठे पोचली, हे विचारायचा कंटाळा करू नये.

परत आल्यावर कपाट उघडलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना साड्या द्यायच्या होत्या. या वेळी गठ्ठा बांधला नाही. त्यांनाच म्हटलं, "या, तुम्हीच बघा, हव्या त्या घ्या." त्यांनी आठातल्या दोन घेतल्या. बाकीच्या सहा मी इतकी वर्षं चांगल्या समजत होते!

तिकडे राहणाऱ्या मंडळींनी गाडी दिली असेल, तर पुढे तिचं काय झालं ते जरूर कळवा.